वाचून दाखवणे : संतपूर परिसरातील विद्यार्थीसेवेचा एक भाषिक अभ्यास

शनिवारी आमची शाळा सकाळची असते. ती सुटली की आठवी-नववीतली दहा-बारा मुले घरी न जाता शेजारच्या गावातल्या मारुतीच्या पारावर जाऊन बसतात. थोड्या वेळाने एकेक म्हातारे माणूस येऊ लागते. कुणाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, कुणी कागद पदराच्या टोकाला बांधून आणलेला. पिशवीतून पहाणीचा उतारा निघतो, बँकेचे पासबुक निघते, सोसायटीच्या कर्जाची नोटीस, वृद्धापवेतनाचा कागद, दवाखान्याची चिठ्ठी असे काय काय निघते. ‘‘काय लिवलंय बघ की रं बाबा,’’ म्हणत तो कागद मुलाच्या मांडीवर ठेवला जातो. मूल तो वाचते, कन्नडमध्ये असेल तर मराठीत सांगते आणि गरज पडली तर अर्जही लिहून देते. या कामाला मुलांनीच ‘पारावरची वाचणी’ असे नाव पाडले.

चार वर्षे मी हे काम मुलांबरोबर करतो आहे. मी मराठीचा शिक्षक. समाजसेवेचा कार्यक्रम म्हणून याची नोंद शाळेच्या दप्तरात आहे, पण माझा यातला स्वार्थ भाषेचा आहे हे आधीच कबूल केलेले बरे. प्रस्तुत लेखात या कामातून भाषाशिक्षणाविषयी जे हाती आले ते मांडतो आहे. सीमाभागातल्या इतर शिक्षकांना त्यातले काही वापरता आले तर पाहावे.

आधी जागेविषयी थोडे. संतपूर बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यात येते. जुन्या हैदराबाद राज्याच्या काळातल्या कागदांत या तालुक्याचा उल्लेख संतपूर या नावानेही सापडतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले. औराद, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. त्यामुळे आमच्या मुलांची मावशी उदगीरला असते आणि तिच्या शेताच्या कागदाला सातबारा म्हणतात. आईच्या शेताच्या कागदाला पहाणी म्हणतात. माती तीच, तूर तीच, सोयाबीन तेच. घरात बोलली जाते ती मराठी, शेजारी कन्नड, बाजारात दखनी, आणि कचेरीतला प्रत्येक कागद कन्नडमध्ये. साठी-सत्तरी ओलांडलेल्या अनेकांना कन्नड बोललेले पुरेपूर कळते, वाचता मात्र येत नाही. मराठी शाळेतले मूल कन्नड हा विषय शिकत असते. म्हणजे घरातला सर्वांत लहान वाचक हाच कचेरीशी बोलणारा दुभाषा. मुले हे काम घरी करतच होती. आम्ही ते फक्त घराबाहेर आणले.

विद्यार्थ्यांनी समाजात जाऊन काम करावे हा विचार आपल्याकडे जुना आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाकीर हुसेन होते. त्यांचा जन्म हैदराबादचा, हे मी आमच्या मुलांना मुद्दाम सांगतो. हाताचे काम आणि शिक्षण यांची सांगड घालणारी नयी तालीम तिथून पुढे आली. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभव आणि समाजसेवा या दोन्हींची शिफारस केली. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे लांबलचक नाव दिले आणि ते आमच्या पिढीच्या प्रगतिपुस्तकात एका श्रेणीपुरते उरले. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना असावेत असे म्हटले आहे. कर्नाटकातल्या शाळांत भारत सेवादलाच्या तुकड्या असतात. त्या परंपरेचे मूळ ना. सु. हर्डीकरांनी १९२३ मध्ये उभारलेल्या हिंदुस्तानी सेवादलात आहे.

एवढे सगळे असून प्रत्यक्षात काय होते? पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मुलांच्या हाती खराटे दिले जातात. मैदान झाडले की छायाचित्र निघते आणि त्याला श्रमदान म्हणतात. मीही अनेक वर्षे तेच केले. माझी तक्रार झाडण्याविषयी नाही. त्यात मुलाला काहीच ठरवावे लागत नाही, आणि चुकले तर कुणाचे काही बिघडत नाही, ही माझी अडचण आहे. साताऱ्याला १९५९ मध्ये सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेबद्दल मी माझ्या गुरुजींकडून ऐकले होते. अख्ख्या गावाने साक्षर व्हायचे, ज्याला येते त्याने ज्याला येत नाही त्याला शिकवायचे. तिथे शिकवणाऱ्यावर भार होता. तसा काही भार मुलांवर टाकता येईल का, या विचारातून वाचणी सुरू झाली.

पद्धत साधी ठेवली. प्रत्येक मुलाकडे एक दोनशे पानी वही. डाव्या पानावर समोरचे माणूस जसे बोलले तसे लिहायचे, एकही शब्द ‘शुद्ध’ न करता. उजव्या पानावर तेच अर्जाच्या भाषेत. माणसाचे नाव, कर्ज, आजार यांपैकी काहीही वहीत येऊ द्यायचे नाही, फक्त वाक्ये. पहिल्याच महिन्यात एका मुलीच्या वहीत डावीकडे हे वाक्य होते : ‘‘माजा आंगठा उठंना झालाय.’’ आणि उजवीकडे : ‘माझा अंगठा उठत नाही.’

व्याकरणाच्या दृष्टीने उजवे वाक्य निर्दोष आहे. पण ते वाचून कचेरीतल्या माणसाला वाटेल की म्हातारीच्या अंगठ्यात ताकद राहिली नाही. म्हातारीला म्हणायचे होते ते वेगळेच. आयुष्यभर खुरपे धरून तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या होत्या आणि रेशन दुकानातल्या यंत्राला तिचा ठसा ओळखता येत नव्हता. वर्गात या एका वाक्यावर आम्ही पूर्ण तास घेतला. ‘उठणे’ या क्रियापदाचे अर्थ फळ्यावर लिहिले. झोपेतून उठणे, अंगावर पित्त उठणे, बाजार उठणे, शिक्का उठणे. म्हातारीचे ‘उठणे’ हे शिक्का उठण्यातले होते, म्हणजे तिची भाषा अचूक होती. प्रमाण मराठीत नेताना आम्हीच तिला पांगळी केली होती. शेवटी मुलांनी लिहिले : ‘माझ्या अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटत नाही, तरी अन्य मार्गाने ओळख पटवून धान्य मिळावे.’ बोलीतून प्रमाणभाषेत जाणे म्हणजे फक्त प्रत्यय बदलणे नव्हे, हे मी वीस वर्षे सांगत होतो. मुलांना ते त्या दिवशी पटले.

कन्नड कागदांनी दुसरीच गंमत दाखवली. मराठी आणि कन्नड या दोन वेगळ्या कुळांतल्या भाषा, पण कचेरीच्या कागदावर त्या एकमेकींच्या फार जवळ येतात. अर्ज, जमीन, हिस्सा, खराब, तालुका हे फारसी-अरबी वळणाचे शब्द दोन्हींकडे आहेत, त्यामुळे मुले ते भराभर ओळखतात. संस्कृतातून आलेले शब्द मात्र दगा देतात. पहाणीच्या अकराव्या रकान्यात जमिनीवरचे इतर हक्क आणि ऋणे नोंदलेली असतात. एका मुलाने ‘ऋण’ हा शब्द बरोबर वाचला. पाठ्यपुस्तकात त्याने मातृऋण, समाजऋण एवढेच पाहिलेले. त्याने त्या बाईंना सांगितले, ‘‘मावशी, तुमच्यावर कुणाचे तरी उपकार आहेत.’’ मावशी म्हणाल्या, ‘‘उपकार कशाचे? सोसायटीचं कर्ज हाय ते!’’ सगळा पार हसला. त्यानंतर मुलांनी अशा फसव्या शब्दांची यादी सुरू केली. कन्नडमध्ये अनुमान म्हणजे संशय, मराठीत तर्क. कन्नडमध्ये अवसर म्हणजे घाई, मराठीत संधी. यादी अजून वाढते आहे. उलट, तूप आणि तुप्प, अडकित्ता आणि अडिके यांचे नाते सापडले की मुलांना आपल्याच घरात चुलतभाऊ भेटल्यासारखे होते.

आता घडलेली चूक सांगतो. तिची जबाबदारी माझी आहे.

पहिल्या वर्षीच्या पावसाळ्यात एक आबा पहाणीचा ताजा उतारा घेऊन आले. नववीतल्या एका हुशार मुलाने तो वाचला. क्षेत्राच्या जागी २.२० असे छापले होते, पुढे आणखी शून्ये. गणितात नुकतेच दशांश अपूर्णांक झालेले. त्याने सांगितले, ‘‘दोन पूर्णांक वीस शतांश एकर.’’ आबांना ते कळेना, तेव्हा त्याने समजावून सांगितले की दोन एकर आणि वर आठ गुंठे. हिशेब बिनचूक होता. एकराचे चाळीस गुंठे, त्याचे वीस शतांश म्हणजे आठ. पण तो ठिपका दशांशचिन्ह नव्हता. पहाणीत ठिपक्याच्या डावीकडे एकर आणि उजवीकडे गुंठे असतात. आबांचे रान दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर होते आणि कागदावरही तेवढेच होते. आबांना मात्र असे कळले की आपले बारा गुंठे गेले.

शेजारचे शेत त्यांच्या धाकट्या भावाचे. त्या रात्री दोन घरांत जे झाले ते मी इथे लिहीत नाही. आबा दोन दिवस कचेरीच्या खेपा घालत राहिले. ऐन खुरपणीच्या दिवसांत त्यांचे दोन दिवस आणि गाडीभाडे गेले. तिसऱ्या दिवशी कचेरीत कुणीतरी त्यांना नीट समजावले. हे सगळे घडले तेव्हा, म्हणजे तो उतारा वाचला जात असताना, मी त्याच पाराच्या दुसऱ्या टोकाला बसून चाचणीचे पेपर तपासत होतो.

मुलाने वाचणी सोडायची ठरवली. मी त्याला घेऊन आबांच्या घरी गेलो. आबा चिडलेले होते, पण त्यांचा राग माझ्यावर होता. ‘‘गुरुजी, पोरगं वाचायला बसवलाव, तुमी कुटं होतात?’’ मुलाला ते म्हणाले, ‘‘तू इचारला असतास की, आबा तुमाला किती ठावं हाय, तर मी सांगितलो असतो.’’

पुढच्या वर्षभराच्या कामाचा नियम त्या वाक्यातून तयार झाला. वाचायच्या आधी विचारायचे, ‘‘तुमच्या मते यात काय असेल?’’ कागद आणि माणसाचे म्हणणे जुळले तर ठीक. जुळले नाही तर आधी आपल्या वाचण्यावर संशय घ्यायचा, मग कागदावर, आणि माणसावर सर्वांत शेवटी. आकडा नेहमी दोन तऱ्हेने सांगायचा : ‘‘दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर.’’ जिथे पैसा, जमीन किंवा औषध असेल तिथे दुसऱ्या मुलाने पुन्हा वाचायचे आणि मग मी. दवाखान्याच्या चिठ्ठीवर औषध किती वेळा घ्यायचे हे मुलांनी सांगायचेच नाही, त्यासाठी औषधाच्या दुकानात किंवा आरोग्यकेंद्रात सोबत जायचे. तो मुलगा वाचणीला परत आला. गणिताच्या शिक्षकांनी एकर-गुंठ्यांवर एक स्वतंत्र तास घेतला, आणि दशांशचिन्हाचा ठिपका आणि दोन एककांना वेगळे करणारा ठिपका यांतला फरक सांगायला त्यांनी पहाणीचाच नमुना फळ्यावर काढला. भाषेच्या तासाला मी ‘वाचणे’ आणि ‘वाचून दाखवणे’ ही दोन क्रियापदे घेतली. पहिल्यात कर्ता एकटा असतो. दुसऱ्यात समोर कुणीतरी असावेच लागते.

वाचणी एकतर्फी राहू नये अशी माझी इच्छा होती. मार्गशीर्ष अमावास्येला आमच्याकडे येळवस असते. लातूर-धाराशिवपासून बीदर-कलबुर्गीपर्यंत त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शेते भरतात. कडब्याची कोप, आत पांडवांचे पाच दगड, भज्जी, उंडे, आंबील. शेताच्या कडेने आंबील शिंपडत जी आरोळी देतात ती मराठी घरांतही कन्नड वळणाची आहे. लहानपणी आम्ही ती अर्थ न कळता ओरडत होतो. मुलांनी पारावरच्या माणसांना विचारले की येळवस हे नाव कुठून आले. एकाने सांगितले, कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ, म्हणून एळ्ळ अमावास्या. दुसरे म्हणाले, एळु म्हणजे सात, पेरणीपासूनची सातवी अवस. एक आजी म्हणाली, ‘‘रानाला जेवू घालायची येळ, म्हनून येळवस. त्यात कानडी काय नि मराठी काय?’’ निकाल लावायचा मोह मी आवरला. तिन्ही उत्तरे वहीत आहेत. त्याच ओघात तिफण म्हणजे कूरिगे, वखर म्हणजे कुंटे, धान्याचे पेव म्हणजे हगेवु अशी दुभाषी शब्दसूची तयार होत गेली. ट्रॅक्टर आल्यापासून यांतल्या कित्येक वस्तू मुलांनी पाहिलेल्याच नाहीत. चाडे कसे असते ते सांगता येईना म्हणून एका आजोबांनी माळ्यावरून ते काढून आणले, तेव्हा त्यात चिमण्यांचे घरटे निघाले.

इथे एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टदेवरू यांनी निजामाच्या अमलात बाहेर उर्दूची पाटी लावून आत कन्नड शिकवले, ही कथा इथल्या प्रत्येक कन्नड घरात सांगितली जाते. मी ती मराठीच्या तासाला सांगतो. आपली भाषा कागदावरून हलली की माणसाला काय वाटते, हे शेजाऱ्यालाही ठाऊक आहे, एवढे मुलांना कळावे म्हणून. कन्नड नीट आल्याशिवाय ही वाचणी होत नाही. गंमत अशी की वाचणीला येणाऱ्या मुलांचे कन्नड सुधारले हे आधी कन्नडच्या बाईंच्या लक्षात आले, माझ्या नाही.

परीक्षेतल्या गुणांविषयी विचारणा होते म्हणून सांगतो : पत्रलेखनात फरक पडला, निबंधात फारसा नाही. काही पालकांनी मुले पाठवणे थांबवले. शनिवार दुपार शिकवणीची असते. सोसायटीच्या कर्जाची एक बातमी एका मुलाकडून घरी फुटली आणि ती बाई पुन्हा आलीच नाही. मी निरोप पाठवले, उपयोग झाला नाही.

पण सर्वांत मोठी उणीव माझ्या लक्षात यायला दीड वर्ष लागले. वह्या चाळताना मला दिसले की एका मुलाच्या डाव्या पानांवर कधीच त्याच्या वस्तीतले कुणी नाही. त्याला विचारले. तो आधी गप्प राहिला, मग म्हणाला, ‘‘सर, माझी आजी पारावर येत नाही.’’

पार मारुतीचा. तिथे कुणी कुणाला अडवत नव्हते. पण कोण कधी तिथे बसले आणि कोण बसले नाही, हे गावाला पिढ्यांपासून पाठ होते. मला जागा सोयीची वाटली, कारण सावली होती आणि मी स्वतः लहानपणापासून पारावर बसत आलो होतो. सेवेसाठी जागा निवडताना मी कुणाला बोलावले आणि कुणाला वगळले, हे दीड वर्ष माझ्या ध्यानात आले नाही. पुढच्या शनिवारपासून आम्ही प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात बसू लागलो. पारावर येणारी दोन-तीन माणसे व्हरांड्यात आली नाहीत. नाव मात्र मुलांनी बदलले नाही, अजूनही ‘पारावरची वाचणी’च म्हणतात. मला ते खटकते, मुलांना नाही.

त्या मुलाची आजी तिसऱ्या शनिवारी आली. २०२३ च्या उन्हाळ्यानंतरचे दिवस होते, राज्य सरकारची गृहज्योती योजना नुकतीच लागू झालेली. तिच्या हातात विजेचे बिल होते आणि त्यावर भरायची रक्कम शून्य होती. ‘‘काय न्हाई म्हंतेत, म्हंजी लाईट तोडणार का?’’ नियमाप्रमाणे तिच्या नातवाने आधी विचारले, ‘‘आजी, तुला काय वाटतं?’’ मग सांगितले की ठरलेल्या युनिटांच्या आतच वापर आहे म्हणून बिल माफ आहे, लाईट राहणार. दुसऱ्या मुलीने पुन्हा वाचले. मीही वाचले. आजीने कागद परत घेतला, उलटा केला आणि पुन्हा त्याच्या हातात दिला.

‘‘मागं बी लिवलंय की. त्ये बी वाच.’’

मागच्या बाजूला छापील सूचना होत्या, अगदी बारीक अक्षरात. तो वाचत बसला.